नांव विकत घेण्यापूर्वीं

उपाहारगृह काढावें, पण पाटी दुसऱ्याच्या प्रसिद्ध नांवाची लावावी, त्याच्याच पद्धतीनें पदार्थ करावे आणि त्याबद्दल त्यास विक्रीचा ठराविक हिस्सा द्यावा, या व्यवहारास फ्रँचाइझ म्हणतात. चालतें नांव मिळतें म्हणून हा मार्ग निर्धोक वाटतो. परंतु खरेदीदाराच्या हातीं येतो तो करारनामा, आणि धोका असतो तो त्याच्या कलमांत. याची साक्ष या धंद्यांतील एका अत्यंत यशस्वी पुरुषाच्या चरित्रांतच सांपडते.

कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो येथें रिचर्ड व मॉरिस मॅक्डोनल्ड या बंधूंनीं १९४८ सालीं आपल्या उपाहारगृहाची नवी घडी बसविली. पदार्थ मोजके, किंमत अल्प, आणि मागणी करतांच पदार्थ हातीं! मिल्कशेक घुसळण्याचीं यंत्रें विकणारा रे क्रॉक १९५४ सालीं तेथें गेला व त्यांच्या नांवाचे परवाने विकण्याचा करार करून परतला. परवानेदारानें ९५० डॉलर व विक्रीचे शेंकडा १.९ द्यावयाचे, त्यांपैकीं शेंकडा अर्धा बंधूंचा.

क्रॉकनें १९७७ सालच्या आत्मचरित्रांत आपल्या अडचणी सांगितल्या आहेत. इमारतीच्या आराखड्यांत फेरफार करावयाचा तर बंधूंची संमति रजिस्टर पत्रानेंच मिळाली पाहिजे, असें कलम होतें. इलिनॉयच्या थंडींत तळघर आवश्यक. बंधूंनीं तोंडी होकार दिला, पत्र मात्र दिलें नाहीं. त्याहून वाईट म्हणजे, शिकागोभोंवतींच्या ज्या कुक परगण्यांत त्यानें १५ एप्रिल १९५५ रोजीं पहिलें दुकान उघडलें, तेथील हक्क बंधूंनीं पूर्वींच एका आइस्क्रीम कंपनीस विकले होते. ते सोडविण्यास क्रॉकला २५,००० डॉलर मोजावे लागले.

पुढें क्रॉक स्वतः हा धडा शिकला. हॅरी सॉनबोर्न याच्या योजनेनुसार १९५६ पासून त्याची कंपनी जागा घेऊन परवानेदारांस अधिक भाड्यानें देऊं लागली. कराराची शिस्त मोडली कीं जागेचाहि हक्क जाई. १९६१ सालीं त्यानें २७ लाख डॉलरांना सर्व हक्क घेतले. बंधूंकडे मूळ उपाहारगृह राहिलें, पण त्यावरील स्वतःचें आडनांव त्यांस उतरवावें लागलें.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियानें १९७० सालीं, व संघराज्याच्या व्यापार आयोगानें १९७८ सालीं, या व्यवहारास नियम घातले. आतां तेथें विक्रेत्यास पूर्वींचे खटले, खर्च, क्षेत्राचे हक्क व करार संपविण्याच्या अटी ही सर्व माहिती सहीपूर्वीं निदान १४ दिवस लेखी द्यावी लागते. भारतांत असा स्वतंत्र कायदा नाहीं. मुख्य भिस्त १८७२ च्या करार-कायद्यावर. म्हणून येथील गृहस्थानें वकिलासमक्ष तीन गोष्टी पाहाव्या: हें क्षेत्र आधींच कोणास दिलें आहे काय? तोंडी शब्द कागदावर उतरला आहे काय? संबंध तुटल्यास जागा कोणाकडे राहील? पहिल्या प्रश्नाचें उत्तर क्रॉकला सहीनंतर मिळालें, आणि त्याची किंमत २५,००० डॉलर पडली.