चिकटलेले हात आणि हाँगकाँगच्या गच्च्या

एक छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तरुण ब्रूस ली आणि त्याचे गुरू यिप मान समोरासमोर उभे आहेत, आणि दोघांचे हात एकमेकांना टेकलेले आहेत. (सिनेमामुळे आपल्याकडे ‘इप मॅन’ म्हणतात, हरकत नाही.) विंग चुनमधल्या या सरावाचं नाव ची साउ, म्हणजे चिकटलेले हात. ही मारामारी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिची मारामारी का होत गेली, ते आज आपण बघू.

आधी सराव समजून घेऊ. सुरुवात एका हाताने होते. एकाचा तळहात वर, कोपर छातीच्या मध्याकडे. याला तान साउ म्हणतात. दुसऱ्याचा हात त्यावर विसावलेला, तो फूक साउ. पहिला तळहाताने पुढे मारतो, दुसरा तो खाली दाबतो आणि ठोसा सोडतो. पहिला कोपर उचलून तो वळवतो, हा बोंग साउ. पुन्हा मूळ जागी. पुढे दोन्ही हातांनी हेच गोल गोल फिरवणं. हेतू एवढाच, की समोरच्याचं बळ कुठून येतंय ते डोळ्यांआधी हाताला कळावं, आणि अडथळा निघाला की हात आपोआप पुढे जावा.

आता काळ बघा. यिप मान यांचा जन्म 1893 चा, फोशानचा. 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली, ते हाँगकाँगला आले आणि 1950 मध्ये कौलूनमधल्या हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले. विद्यार्थी कोण? दिवसभर राबून येणारी माणसं, आणि पुढे शाळकरी पोरं. शहर निर्वासितांनी भरलेलं, जागेची मारामार. गच्चीवर सराव चाले, आणि गच्चीवरच दुसऱ्या शाळांशी आव्हानाच्या लढती, ज्यांना बेइमो म्हणत. त्यात यिप मान यांचा शिष्य वाँग शुन ल्युंग याने मोठं नाव कमावलं.

आमचं मत असं, की खरी गोम इथे आहे. ज्या पोराला शनिवारी गच्चीवर जिंकायचंय, त्याला बुधवारी ची साउमध्ये हरणं परवडत नाही. आणि जिंकायची घाई झाली की काय होतं? खांदे वर येतात. कोपर बाहेर फाकतं. माणूस समोरच्यावर रेलतो, मग तो बाजूला झाला की हा पुढे कोलमडतो. हात धरायच्या नादात छातीसमोरची मधली रेषा मोकळी सुटते. थप्पड लागते, पोरं हसतात, गुण मिळाल्यासारखं वाटतं. पण घडलेलं असतं उलटंच. आपल्या तालमीतला वस्तादही पट्ट्याला ताकद आवर, डाव बघ म्हणून दटावतोच की!

म्हणून एका हाताचा कंटाळवाणा सराव टाळता येत नाही. त्यात वेग नाही, जिंकायला काही नाही. त्यामुळे चूक उघडी पडते. जुना विद्यार्थी नव्याशी फिरवताना मुद्दाम कमी बळ लावतो, आणि नव्याचा खांदा ताठला की थांबतो. ताठ हाताला काही कळत नाही, तो फक्त ढकलतो. हे पुस्तकातून शिकवता येत नाही, दुसऱ्याच्या हातावर हात ठेवूनच कळतं.

इतिहासकाराची पंचाईतही तीच. 1972 मध्ये मृत्यूच्या थोडं आधी यिप मान यांनी आपला पहिला क्रम, सिउ निम ताउ, आणि लाकडी पुतळ्यावरचा सराव मूक फिल्मवर करून दाखवला. त्या फिल्ममध्ये हात कुठे जातो ते दिसतं. 2 डिसेंबरला ते गेले. पुढे शिष्यांच्या शाखा फुटल्या, आणि खरा ची साउ कोणाचा यावरून आजही वाद आहेत. वाद मिटवायला कोणी ते छायाचित्र पुढे करतं. पण त्या दोन मनगटांमध्ये किती बळ होतं, ते छायाचित्रात उतरलेलं नाही.