ढोलीतली टुई

माघातली सकाळ. आहुप्याच्या देवराईत एका जुन्या झाडाखाली तुम्ही मान वर करून उभे आहात. ढोलीतून आधी पिवळी चोच डोकावते, मग राखाडी डोकं. मादी. सुतार पक्ष्याने कधीतरी कोरलेल्या घरात तिने संसार थाटलाय. नर समोरच्या फांदीवर. त्याचं डोकं अर्धवट पिकलेल्या करवंदासारखं: पुढे लाल, मागे जांभळं होत गेलेलं. खांद्यावर लाल ठिपका, निळ्या शेपटीला पांढरं टोक. यातला लाल रंग त्याचं शरीर स्वतः घडवतं. निळा मात्र रंग नव्हेच. पिसाची बारीक वीण उन्हातला निळा प्रकाश तेवढा परतवते. दोन्ही एकात एक मिसळले की ही जांभळी झाक.

‘टुई?’ तुईया हे नाव या पोपटाला किती शोभतं! डोळे मिटा, आवाज धरून मागे चला.

1985. घोड नदीकाठची एक ओसरी, तारेचा पिंजरा. पिल्लाचं डोकं अजून हिरवंच आहे. वयात आल्याशिवाय ते रंगत नाही. भीमाशंकर अभयारण्य याच साली जाहीर झालंय, पण आपल्या पाखरांचा बाजार कायद्याने बंद व्हायला अजून काही वर्षं आहेत. पिल्लू गजाला चोच घासतं. तुम्हाला दार उघडायचंय, पण हात पोचत नाही.

1630. शिवनेरीवर नुकतंच बाळ जन्मलंय. पायथ्याला ज्वारी उभी आहे. हिरवा थवा कणसांवर उतरतो आणि माळ्यावरची बाई गोफण फिरवते. दगड सणसणत जातो. तिला रागावू नका. पुढचा दुष्काळ तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. एकेक कणीस तिला लागणार आहे.

आणखी मागे, दोन हजार वर्षांपलीकडे. नाणेघाट. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कल्याणहून चढून आलेला माल, जकातीचा दगडी रांजण. लेण्यात नागनिका राणीचा लेख कोरणं चाललंय. ब्राह्मीचं एक अक्षर अर्धं झालंय, दगडाची भुकटी कोरक्याच्या पापण्यांवर बसलीय. तेवढ्यात थवा डोंगरकड्यावरून कोकणाकडे झेपावतो.

‘टुई? टुई?’

छिन्नी थांबते. तो मान वर करतो, अगदी तुमच्यासारखीच.