व्याख्येबाहेरचा माणूस : ई-कचऱ्याच्या नियमांचा एक इतिहास

कायद्याच्या पुस्तकात सर्वांत कमी वाचले जाणारे प्रकरण म्हणजे व्याख्यांचे. वकील ते गरजेपुरते चाळतात, इतर वाचक ते ओलांडून पुढे जातात. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तेथेच थांबावे, असे आम्हांस वाटते. संहितेत कोणाला नाव मिळाले आणि कोण अनाम राहिला, हा प्रश्न आपण कादंबरीला नेहमीच विचारतो. तोच प्रश्न भारतातील ई-कचऱ्याच्या नियमांना विचारला तर काय हाती लागते, ते येथे पाहावयाचे आहे.

हा इतिहास बंदरांपासून सुरू होतो. १९८० च्या दशकात श्रीमंत देशांतील विषारी कचरा जहाजांतून गरीब देशांकडे जाऊ लागला. १९८८ साली नायजेरियातील कोको या गावी इटलीहून आलेली अशा कचऱ्याची हजारो पिंपे सापडली आणि जगभर गदारोळ झाला. मार्च १९८९ मध्ये बासेल करार संमत झाला. घातक कचरा दुसऱ्या देशात धाडण्यापूर्वी त्या देशाची लेखी संमती घ्यावी, हे त्याचे मूळ सूत्र. भारतानेही १९८९ सालीच, पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये घातक कचऱ्याचे नियम केले आणि १९९२ साली कराराला मान्यता दिली.

या साऱ्या व्यवस्थेची भिस्त 'कचरा' या एका शब्दावर होती, आणि फटही त्याच शब्दात होती. मोडका म्हणून पाठवलेला संगणक कचरा ठरे. 'वापरलेला' म्हणून किंवा देणगी म्हणून पाठवला की तोच संगणक माल होई. २००२ साली बासेल ॲक्शन नेटवर्क आणि सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाने अमेरिकेतील जुने संगणक चीन, भारत आणि पाकिस्तानात कसे पोचतात, हे उघड केले. दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांचे चित्र त्यानंतर सर्वांसमोर आले. तांब्यासाठी तारा जाळल्या जात होत्या. सोन्याच्या कणांसाठी सर्किटचे पट्टे आम्लात बुडवले जात होते. जुन्या पडद्यांच्या शिसेयुक्त काचा उघड्या हातांनी फोडल्या जात होत्या. हे काम करणारांत बायका होत्या, मुलेही होती.

यावरचा उपाय युरोपातून आला. १९९० साली स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' ही कल्पना मांडली : वस्तू विकली म्हणून उत्पादक मोकळा होत नाही, तिच्या अखेरीचा भारही त्यानेच वाहावा. स्वित्झर्लंडने १९९८ साली आणि युरोपीय संघाने २००३ साली ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र कायदे केले. भारताचे स्वतंत्र नियम २०११ साली प्रसिद्ध झाले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले.

२०११ च्या नियमांत ई-कचरा म्हणजे जी उपकरणे टाकून देण्याचा हेतू आहे, अशी टाकाऊ उपकरणे. २०१६ च्या नियमांत 'हेतू' गेला आणि ग्राहकाने 'कचरा म्हणून टाकलेली' उपकरणे, असे शब्द आले. दोन्ही व्याख्या गृहीत धरतात की वस्तूचा मालक ती टाकतो. आमच्या मते नियमांचे आणि आपल्या समाजाचे नाते येथेच तुटते. स्वित्झर्लंडमध्ये ग्राहक नवी वस्तू घेतानाच तिच्या विल्हेवाटीचे शुल्क भरतो. आपल्याकडे जुना टीव्ही कोणी टाकत नाही. तो भंगारात जातो, आणि भंगाराला भाव असतो. 'कचरा' आणि 'भंगार' हे मराठीत समानार्थी शब्द नाहीत. कचरा नेणाऱ्याला आपण पैसे देतो, भंगार नेणारा आपल्याला पैसे देतो. कायद्याने यांतला पहिला शब्द उचलला आणि दुसरा शब्द ज्याच्या नावात आहे, त्या माणसाला व्याख्येबाहेर ठेवले.

२०११ च्या व्याख्यांत उत्पादक, ग्राहक, संकलन केंद्र, सुटे भाग करणारा आणि पुनर्चक्रण करणारा, असे सारे आहेत. भंगारवाला नाही. सूक्ष्म व लघुउद्योगांना तर नियमांतूनच वगळले होते. २०१६ पासून ही सूट सूक्ष्म उद्योगांपुरती राहिली.

त्याच २०१६ साली, त्याच पर्यावरण मंत्रालयाने काही आठवड्यांच्या अंतराने प्लास्टिक कचरा, ई-कचरा आणि घनकचरा यांविषयीचे नवे नियम प्रसिद्ध केले. प्लास्टिकच्या आणि घनकचऱ्याच्या नियमांत कचरावेचकाची व्याख्या आहे. ई-कचऱ्याच्या नियमांत तसा माणूस नाही. सुटे भाग करणाऱ्या व पुनर्चक्रण करणाऱ्या कामगारांची नोंदणी आणि प्रशिक्षण राज्य सरकारने पाहावे, एवढीच तरतूद आहे. २०२२ साली प्रसिद्ध होऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली. नोंदणीचे प्रवर्ग मात्र चारच : निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा.

याला एक सबळ प्रतिवाद आहे. ज्या कामात आम्लाचे घमेले आणि जळती तार आहे, त्याला कायद्यात जागा देणे म्हणजे त्या विषाला मान्यता देणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण घरोघरी फिरून वस्तू गोळा करणे आणि आम्लातून धातू काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात कौशल्य आहे, दुसऱ्यात मृत्यू. पहिल्याला नाव देऊनच त्याला दुसऱ्यापासून सोडवता येते. ज्याला नाव नाही त्याला परवाना मिळत नाही, आणि कायद्याशी त्याची गाठ पडते ती छाप्याच्या दिवशीच.

नाव दिल्याने काय होते, याचे उदाहरण पुण्यात आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकातच तेथील महापालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी २००८ साली घरोघरच्या संकलनाचा करार झाला. आधी ओळख, मग करार, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्क्यांच्याच रीतसर संकलनाची व पुनर्चक्रणाची नोंद आहे. बासेल करारातील ई-कचऱ्याविषयीची दुरुस्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. आता घातक असो वा नसो, सर्वच ई-कचऱ्याला आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. वस्तूची व्याख्या अशी पस्तीस वर्षांत पुरी होत आली. ती वस्तू डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाची व्याख्या अजून लिहावयाची आहे.