गाडी वास का मारते?

गॅसवर चालणाऱ्या गाडीत कधीकधी जो उग्र, कुजकट वास येतो, तो खरं तर गॅसचा नसतो. सिलिंडरमधला एलपीजी असो की सीएनजी, गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. त्यात इथाइल मरकॅप्टनसारखं गंधकाचं संयुग मुद्दाम मिसळतात. ते इतकं जहाल असतं की हवेत अगदी कणभर असलं, तरी नाकाला कळतं.

ही सक्ती सुरू झाली ती एका शाळेमुळे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेनं इंधनाचा खर्च वाचवायला तेलविहिरींतून वाया जाणाऱ्या गॅसची जोडणी घेतली. पाइप गळत होता, गॅस इमारतीखाली साठत होता आणि वास नसल्यामुळे कुणालाही पत्ता लागला नाही. 18 मार्च 1937 रोजी स्फोट झाला. सुमारे 300 मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासनं गॅसला वास देण्याचा कायदा केला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यातही ‘वास’ हा शब्द आहे. कोड चालतो, पण आत काहीतरी सडतंय अशी शंका येते, तेव्हा त्याला ‘कोड स्मेल’ म्हणतात. हा शब्द केंट बेकनं काढला आणि मार्टिन फाउलरच्या 1999 च्या ‘रिफॅक्टरिंग’ पुस्तकामुळे रूढ झाला. गाडीच्या वासाकडेही मी तसाच बघतो. वास हा एरर मेसेज आहे आणि गॅसच्या बाबतीत तरी तो मेलेल्या मुलांमुळे लिहिला गेलाय.

माझं गाव भडगाव, जळगाव जिल्ह्यातलं. आमच्या भागात घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरून घेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ते चालतं. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ असाच गॅस भरताना स्फोट झाला. होरपळलेल्यांपैकी काहींचा नंतर मृत्यू झाला. न्यू लंडनच्या शाळेनं वाचवले, तसेच हेही चार पैसे वाचवणं. फरक एवढाच, की आता गॅसला वास आहे आणि आपण त्याची सवय करून घेतलीय.

म्हणून, गाडीत गॅसचा वास आला तर आधी गाडी बंद करा, सगळे खाली उतरा, दारं उघडी ठेवा, हाताशी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. दिवा, पंखा, लायटर कशालाच हात लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो पायाशी साठतो, त्यामुळे नाकापर्यंत वास येईतो खाली बराच गॅस जमलेला असू शकतो.

सडक्या अंड्याच्या वासाची गोष्ट वेगळी. भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं. 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर झालं. त्याआधीच्या पेट्रोलमधल्या शिशाबद्दल नाक काहीच सांगत नव्हतं. शिशाचं हे मिश्रण शोधणाऱ्या थॉमस मिजलेनं 1924 मध्ये पत्रकारांसमोर ते हातावर ओतून मिनिटभर हुंगून दाखवलं होतं. त्याच महिन्यात ते बनवणारे कामगार विषबाधेनं मेले होते.

कन्व्हर्टर आल्यावर मात्र इंधनातलं गंधक बोलू लागलं. इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जात असेल, तर कन्व्हर्टरमध्ये हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि अंडं सडल्यासारखा वास सुटतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत. बॉनेटखाली बॅटरीपाशीच वास येत असेल, तर बॅटरी जास्त चार्ज होतेय आणि दोष रेग्युलेटरमध्ये असू शकतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 इंधनात गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आलंय. त्यामुळे नव्या गाडीत हा वास आला तर तो अंगावर काढू नये.

एसीचा ओल्या फडक्यासारखा वास म्हणजे कूलिंग कॉइलवरची बुरशी. केबिन फिल्टर बदला आणि उतरायच्या आधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. ते विषारी असतं, आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये.

खानदेशाला सगळ्यात ओळखीचा वास घासलेटचा. मागून रिक्षा गेली की स्टोव्ह पेटवल्यासारखं वाटायचं. रेशनचं निळं घासलेट डिझेल-पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त. त्या फरकातच भेसळीचा नफा होता. आमच्या गावावरून वाहणारी गिरणा आधी मालेगावावरून येते. त्या मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीला एका ढाब्यापाशी उभे टँकर पाहून थांबले. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. दोन दिवसांनी राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. रिक्षामागे नाकाला रुमाल लावणाऱ्या प्रत्येकाला भेसळ कळत होती. सोनवणे गाडी थांबवून खाली उतरले.

मार्च 2020 पासून घासलेटवरचं केंद्राचं अनुदान थांबलं आणि तो नफाही संपला. तरी शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहायला नको. घनताही मोजून मागता येते. 15 अंश तापमानाला ती 720 ते 775 च्या दरम्यान हवी. दोन्ही मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

आणि धुराचा वास आत येत असेल तर नुसतं परफ्यूम टांगू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि त्यात कुणी मरकॅप्टन मिसळलेलं नाही. काचा खाली करा, गाडी थांबवा आणि सायलेन्सर मॅनिफोल्डपासून शेवटापर्यंत तपासून घ्या.