चंदीगडची खुर्ची : डागडुजी आणि किंमत

पाणबुड्यांसाठी बनवलेल्या दुर्मीळ जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवली, तर ते देखणे दिसते. संग्राहक मात्र त्याची किंमत उतरवतात. असे का, हे समजायला चंदीगडची एक खुर्ची पाहा.

ल कॉर्बुझिए यांचे भाऊबंद, स्विस वास्तुविशारद पिएर जानरे १९५१ ते १९६५ या काळात चंदीगडला होते. नव्या राजधानीतील कचेऱ्यांसाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताचे फर्निचर आखले. पुढे वेत तुटला, पाय खिळखिळे झाले, की कचेऱ्या या खुर्च्या भंगार म्हणून लिलावात काढू लागल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि तिकडच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या.

आता पुरावा कुठे आहे तो शोधा. अशा अनेक खुर्च्यांवर कचेरीची आद्याक्षरे आणि जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक रंगवलेला असतो. लाकूड तासून पॉलिश करताना तोच गेला, तर खुर्ची कुठली हे कसे ठरवणार? वेताचे तसे नाही. तो झिजतोच, नवा विणला तरी चालते. अर्थात, अक्षरे नकली खुर्चीवरही रंगवता येतात. म्हणून ती लाकूड, सांधे आणि झीज यांच्याशी ताडून पाहावी लागतात.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. १९७२ च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरावशेष ठरायला किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. या खुर्च्या त्यात बसत नाहीत. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीला मनाई केली. परदेशातले लिलाव त्यानंतरही होत राहिले.