हार्पसिकॉर्ड : पिसाच्या नखीचे वाद्य

रेवदंड्याच्या तटबंदीत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांच्यामधून फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा उंच मनोरा आणि इतर संघांच्या मठांच्या पडक्या भिंती दिसतात. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारण्यास आरंभ केला. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आले. त्या काळातील उपासनेचे दगड आपल्याला पाहता येतात, तिचा नाद मात्र ऐकू येत नाही. हरपलेला नाद पुन्हा घडविता येईल काय? युरोप-अमेरिकेत हार्पसिकॉर्ड या वाद्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला, आणि समाधानकारक उत्तर मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

हार्पसिकॉर्ड दिसते पियानोसारखे, पण त्याचे कुळ आपल्या सतारीला जवळचे. पियानोत हातोडी तारेवर आघात करते. येथे तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडी पातळ काठी वर उचलली जाते. काठीत बसविलेली पिसाच्या देठाची नखी तार छेडते. परत येताना नखी मागे कलून तारेला न छेडता खाली सरकते, आणि वरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकून नाद थांबवितो. नखी कशी तासली यावर स्वराचा कस ठरतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्यास हे सांगावयास नको.

१५७९ मध्ये अँटवर्प येथे हान्स रूकर्स हा कारागीर संत लूकच्या कारागीरसंघात दाखल झाला. त्याच्या घराण्याची वाद्ये पुढे युरोपभर नावाजली. त्याच वर्षी फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे सहकारी गोव्याहून समुद्रमार्गे दमणकडे आणि तेथून अकबराच्या दरबाराकडे निघाले. म्हणजे ते आपल्याच किनाऱ्यावरून गेले. गोव्यात राहिलेले दुसरे येशूसंघीय, फादर मत्तेओ रिच्ची, यांनी १६०१ मध्ये चीनच्या सम्राटाला पट्ट्यांचे एक तंतुवाद्य भेट दिले. ते नेमके कोणत्या जातीचे होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फादर पांतोहा यांनी दरबारातील चार खोजांना ते शिकविले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पियानोने हार्पसिकॉर्डला मागे सारले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात नव्याने बांधलेली हार्पसिकॉर्डे मांडली गेली, १८९६ मध्ये आर्नल्ड डॉलमेच यांनी लंडनला स्वतः घडविलेले वाद्य प्रदर्शित केले, आणि १९१२ पासून वांडा लांडोव्स्का प्लेयेल कंपनीचे भारदस्त वाद्य वाजवू लागल्या. वादिका थोर खऱ्याच! पण ते वाद्य पियानोकारांच्या बुद्धीने बांधलेले होते : जाड लाकूड, जड तारा, पुढे तर लोखंडी चौकटही. जुन्यांना जमले नाही ते आपण सुधारून देऊ, असा त्यामागचा अहंकार. आवाज त्यामुळे कोंडला.

१९४९ मध्ये बॉस्टनला फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी कार्यशाळा काढली. जुनी वाद्ये तपासावयाची, मोजमापे घ्यावयाची, पूर्वसूरींनी असे का केले हे समजून घेऊन मगच रंधा हाती घ्यावयाचा, ही त्यांची वाट. तेव्हा ध्यानी आले, की नादफळी अवघी काही मिलिमीटर जाड असते आणि हलकेपणातच त्या वाद्याचे सामर्थ्य असते. हबर्ड यांचा या विषयावरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापणाऱ्यांनी तो जरूर चाळावा.

कोकणासाठी प्रतिकृती करावयाची, तर माझ्या मते नमुना पोर्तुगीज असावा. लिस्बनच्या जुआकिम जुझे आंतुनेश यांनी १७५८ मध्ये घडविलेले हार्पसिकॉर्ड पोर्तुगालच्या राष्ट्रीय संगीत संग्रहालयाच्या संग्रहात आहे. चौल जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती, तरी कारागिरीची परंपरा तीच. आणि हात? सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने चौलच्या लाखकामाची वाखाणणी केली आहे. वाद्याची बाजूची फळी पंखासारखी वळवावी लागते. फळी वाकविणे होड्या बांधणाऱ्या आपल्या सुतारांना नवे नाही. खरी कसोटी पावसाळ्याची. दमट हवेत लाकूड फुगते आणि मेमध्ये जुळविलेल्या तारा जुलैत बेसूर होतात. म्हणून वाद्याच्या आधी ते जुळविणारा माणूस धर्मग्रामात तयार करावा लागेल.