एका खेळाचे दप्तर आणि त्याची खिडकी

इतिहासाला साधने लागतात, हे वाक्य आपण व्याख्यानांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा दुसरा अर्धा भाग ऐकावयाचा राहूनच गेला आहे. साधन असणे ही एक गोष्ट आणि ते वाचावयास मिळणे ही दुसरी. दप्तर शाबूत असते, पण खोलीला कुलूप असते. कुलूप निघाले तर लिपी लागत नाही. लिपी लागली तर कारकून म्हणतो, आज नव्हे, उद्या या. अशा वेळी दप्तर असून नसल्यासारखेच. आज ज्या दप्तराची हकीकत सांगावयाची आहे त्याला कागद नाही, शाई नाही आणि वाळवीचे भयही नाही. ते एका खेळाचे दप्तर आहे. खेळाला कसला आला इतिहास, असे ज्यांच्या मनात येईल त्यांनी थोडा धीर धरावा. कुलूप, लिपी आणि कारकून हे तिन्ही प्रश्न या खेळात फार स्वच्छ दिसतात, आणि म्हणूनच तो निवडला आहे.

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील बेट. शतकाच्या अखेरीस त्याची वस्ती तीन लाखांच्याही आत होती. तेथील राजधानी रेक्याविक येथे १९९७ साली सीसीपी नावाची कंपनी निघाली. हाताशी भांडवल नव्हते, म्हणून या मंडळींनी १९९८ साली प्रथम पटावरचा एक खेळ काढला आणि त्याच्या विक्रीतून पुढील कामाला हातभार लावला. ६ मे २००३ रोजी त्यांचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ सुरू झाला. अंतराळात सात हजारांहून अधिक सूर्यमाला, त्यांत खाणी, कारखाने, बाजारपेठा आणि लढाया असा त्याचा पसारा. विशेष हा की चीनबाहेर खेळणारे सगळे लोक एकाच विश्वात नांदतात. मे २०१३ मध्ये एकाच वेळी ६५ हजारांहून अधिक लोक तेथे हजर होते. खेळातील नाण्याला 'आयएसके' म्हणतात. आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त नावही तेच. या थट्टेत त्या छोट्या देशाने आपली सही करून ठेवली आहे.

या विश्वातील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणा ना कोणा खेळाडूने खणलेली, घडविलेली, वाहिलेली किंवा लुटलेली असते. साहजिकच प्रत्येक व्यवहाराची नोंद होते: कोणी, कोणास, काय, किती भावाने विकले, कोणाचे जहाज कोठे, कोणत्या क्षणी बुडाले. आपल्या रोजकीर्दीत एखादा व्यवहार टिपावयाचा राहील. येथे राहणे शक्य नाही, कारण टिपल्याशिवाय व्यवहार घडतच नाही. इतके परिपूर्ण दप्तर कोणत्याही राज्याने ठेवले नसेल. पण ते कंपनीच्या यंत्रांत होते. खेळाडूला त्याच्या पडद्यावर दिसेल तेवढेच कळे. उरलेले तो डोळ्यांनी वाचून आपल्या तक्त्यांत उतरून घेई. 'अंतराळातले हिशेबाचे तक्ते' असे या खेळाचे थट्टेने नाव पडले ते उगीच नाही.

दप्तर एकाच्या हाती असले की विश्वासाचा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. २००७ साली तो उभा राहिला. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपण ज्या गटातून खेळत होतो त्या गटाकडे दुर्मीळ वस्तूंचे आराखडे परस्पर वळविल्याचे उघडकीस आले. मोठा गदारोळ झाला. कंपनीने अंतर्गत तपासणीचा विभाग नेमला आणि २००८ साली खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक सल्लागार मंडळ अस्तित्वात आणले. २००७ सालीच एइयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. ते खेळातील महागाई आणि व्यापार यांवर अहवाल काढू लागले. हे सर्व चांगलेच झाले. पण अहवाल हा दप्तरवाल्याने निवडून दिलेला उतारा असतो. पान स्वतः उलटून पाहण्याची सोय निराळी, आणि ती सोय याच काळात एका खिडकीच्या रूपाने आकारास येत होती.

या खिडकीला तंत्रज्ञ 'एपीआय' म्हणतात. कचेरीच्या खिडकीशी ठरावीक नमुन्याचा अर्ज द्यावा आणि ठरावीक नमुन्याचे उत्तर घ्यावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की अर्जदार मनुष्य नसून दुसरा संगणक असतो. अर्ज म्हणजे इंटरनेटवरील एक पत्ता. उत्तर येई ते 'एक्सएमएल' या खुणांनी बांधलेल्या मजकुरात. खाजगी माहिती हवी असेल तर सोबत किल्लीचा क्रमांक आणि पडताळणीचा संकेत द्यावा लागे. आरंभी किल्ल्या दोनच प्रकारच्या होत्या, मर्यादित आणि पूर्ण. २०११ पासून कोणते खण उघडावेत हे किल्ली देणाऱ्यास एकेक करून ठरविता येऊ लागले. आणि प्रत्येक उत्तरात एक वेळ छापलेली असे: हे उत्तर अमुक वाजेपर्यंतचे आहे, तोवर पुन्हा विचारू नये. कारकुनाचे 'उद्या या' येथेही होते. मात्र ते लेखी होते आणि सर्वांना सारखे होते.

आता लिपीचा प्रश्न. खिडकीचे उत्तर वाचण्यास मध्ये कोणी दुभाषी हवा. हे काम ज्या भाषांतून झाले त्यांत जावा ही एक प्रमुख. १९९१ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत घरगुती उपकरणांसाठी सुरू झालेल्या कामातून ती जन्मली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य शिल्पकार. प्रथम तिचे नाव 'ओक' होते, आणि १९९५ साली ती जावा या नावाने जगापुढे आली. जावात लिहिलेला कार्यक्रम कोणत्याही एका यंत्रासाठी बांधलेला नसतो. तो एका मधल्या भाषेत उतरतो आणि ज्या त्या संगणकावरील जावाचे यंत्र ती मधली भाषा वाचते. खेळाडू जगभर पसरलेले, प्रत्येकाचा संगणक निराळ्या घडणीचा. अशा मंडळींना एकच साधन वाटावयाचे तर ही सोय मोलाची होती.

जावातील 'लायब्ररी' म्हणजे वाचनालय नव्हे. कोणी एकाने अर्ज लिहिण्याचे आणि उत्तर वाचण्याचे सगळे किचकट काम एकदा नीट करून ठेवावे, आणि इतरांनी ते आपल्या कार्यक्रमात जोडून घ्यावे, यास लायब्ररी म्हणतात. ईव्हच्या जुन्या खिडकीसाठी अशा लायब्रऱ्या खेळाडूंनीच लिहिल्या आणि फुकट वाटल्या. वापरणारा एवढेच म्हणे, 'या किल्लीच्या खात्यातील जमाखर्च दे'. पत्ता बांधणे, अर्ज धाडणे, खुणा उकलणे, प्रत्येक आकडा योग्य खणात ठेवणे आणि मुदतीपर्यंत जुनेच उत्तर जपून वापरणे, हे लायब्ररी करी. 'जेईव्हअ‍ॅसेट्स' नावाचा जावातील एक कार्यक्रम अशा पायावर उभा राहिला. खेळाडूची मालमत्ता किती सूर्यमालांत विखुरली आहे आणि तिची किंमत काय होते, हे तो एका तक्त्यात दाखवी.

या कामातली जोखीम बाहेरून दिसत नाही. जावातील 'इंट' या साध्या खणात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही. खेळ वाढला, वस्तूंचे क्रमांक तेरा अंकी झाले, आणि 'लाँग' हा मोठा खण वापरणे भाग पडले. दशांश अपूर्णांकांसाठीचा 'डबल' हा खण काही रकमा नेमक्या ठेवू शकत नाही, म्हणून पैशांच्या बेरजेला निराळा खण वापरणे शहाणपणाचे. खेळाचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालते; भारतातील वाचकाने साडेपाच तासांचा फरक विसरला तर रात्रीच्या लढाईची तारीखच बदलते. खण, बेरीज आणि तारीख यांतील चुका टाळणे हे इतिहासकाराचे जुनेच काम आहे. येथे ते लायब्ररी लिहिणाऱ्याकडे गेले.

खिडकीतून काय मिळते याचा एक नमुना घेऊ. 'जिता' ही सूर्यमाला या विश्वाची सर्वांत गजबजलेली बाजारपेठ. ती ज्या प्रदेशात आहे त्याचा क्रमांक १००००००२. 'ट्रायटेनियम' हे तेथील सर्वांत सामान्य खनिज. त्याचा क्रमांक ३४. हे दोन आकडे लायब्ररीच्या हाती दिले की दर दिवसाचा चढा भाव, उतरता भाव, सरासरी, सौद्यांची संख्या आणि विकलेला माल अशी ओळीमागून ओळ हाती येते. बाजाराच्या या प्रश्नाला किल्लीही लागत नाही. पण ही यादी सुमारे वर्षभराहून थोडी अधिक मागे जाते आणि तेथेच थांबते. त्याआधीचे भाव आज कोणास सापडत असतील तर ते कोणा खेळाडूने वेळीच उतरून ठेवले म्हणून.

या दप्तराचे मोल सर्वांना कळले ते २७ जानेवारी २०१४ रोजी. बी-आर-पाच-आर-बी या सूर्यमालेवरील हक्काचा हप्ता वेळेवर भरला गेला नाही, एवढ्या कारणाने तेथे लढाई जुंपली. ती सुमारे एकवीस तास चालली. सात हजारांहून अधिक पात्रे तीत उतरली आणि 'टायटन' जातीची ७५ अजस्र जहाजे नष्ट झाली. खऱ्या पैशांत हे नुकसान तीन लाख डॉलरांच्या घरात गेल्याचे अनुमान निघाले. जहाज बुडाले की खेळात एक नोंद तयार होते: बुडालेला कोण, मारणारे कोण, कोणती शस्त्रे, कोणता क्षण. खेळाडू अशा नोंदी खिडकीतून गोळा करून सार्वजनिक याद्या बनवीत, म्हणून लढाईचा हिशेब नुसत्या बढाईवर सोडावा लागला नाही. मात्र हप्ता का चुकला, कोणी कोणाला फितविले, हे त्या नोंदीत नसते. अँड्र्यू ग्रोन यांनी या खेळातील युद्धांचा इतिहास लिहून २०१६ साली पुस्तकरूपाने काढला, त्यासाठी त्यांना खेळाडूंना गाठून बोलते करावे लागले. आकडा साक्षीदार असतो, पण त्याला हेतू विचारता येत नाही.

किल्लीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेळातील गट नव्या उमेदवाराला म्हणत, आधी आपली किल्ली दे, मग प्रवेश. त्या किल्लीने त्याची पत्रे, त्याचा पैसा आणि त्याचे जुने सोबती पाहता येत. हेतू हा की शत्रूचा हेर ओळखता यावा. हेरगिरी या खेळात भरपूर चालते, तेव्हा ती मागणी अगदीच गैर नव्हती. पण ज्या खिडकीने सामान्य खेळाडूला दप्तर वाचण्याची शक्ती दिली, तिनेच बलवंतांना त्याचे घर वाचण्याची शक्ती दिली. उघडे दप्तर म्हटले की ते कोणाला उघडे आणि कोणाविषयी उघडे, हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात.

अखेर ८ मे २०१८ रोजी जुनी खिडकी बंद झाली, आणि तिच्यानंतर आलेली 'क्रेस्ट' नावाची मधली खिडकीही त्याच दिवशी मिटली. कंपनीने आगाऊ सूचना दिली होती आणि 'ईएसआय' ही नवी खिडकी आधीच उघडली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. नवी खिडकी पुष्कळ बाबतींत सरस होती. उत्तरे 'जेसॉन' या सुटसुटीत बांधणीत येत. परवाना वीस मिनिटांत संपे आणि नव्याने मिळवावा लागे, त्यामुळे चोरी गेलेल्या परवान्याचा उपयोग मर्यादित राही. एका मिनिटात शंभर चुका केल्यास दार काही काळ बंद होई. शिवाय खिडकीचे सगळे नियम यंत्राला वाचता येतील अशा एका लेखात मांडलेले होते, आणि त्यावरून जावाची लायब्ररी बरीचशी आपोआप तयार करता येई.

तरीही त्या दिवशी काय झाले ते पाहा. ज्या साधनांच्या मागे कोणी जागे होते ती नव्या खिडकीवर गेली. जेईव्हअ‍ॅसेट्स त्यांपैकी एक. ज्यांचे कर्ते खेळ सोडून गेले होते ती साधने मुकी झाली. त्यांच्यात दोष शिरला नव्हता. आदल्या दिवशी बरोबर असलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या दिवशीही बरोबरच होती, फक्त पलीकडे उत्तर द्यायला कोणी नव्हते. दप्तर मालकाचे आणि खिडकीही मालकाची. वाचणारा तेथे परवानगीने उभा असतो, हक्काने नव्हे. ही गोष्ट एरवी विसरली जाते, ती त्या दिवशी सर्वांना आठवली.

हा अनुभव एका खेळापुरता राहिलेला नाही. आपल्या जमाखर्चाच्या, प्रवासाच्या, पत्रव्यवहाराच्या नोंदी आज अशाच दूरच्या दप्तरांत जमा होत आहेत, आणि त्या वाचावयाच्या खिडक्या दुसऱ्याच्या मर्जीने उघडतात आणि मिटतात. ज्याला उद्याचा इतिहास हवा आहे त्याने तीन गोष्टी आजच कराव्यात. हवे ते खिडकी उघडी असताना उतरून घ्यावे. कोणत्या दिवशी, काय विचारून ते मिळाले हे त्यावर टिपावे. आणि मधल्या दुभाष्याचे काम जो कोणी निष्ठेने, बिनमोबदला करीत असेल त्याला एकटे पडू देऊ नये. जिताच्या बाजारातील २००० च्या दशकातले भाव ज्यांनी उतरून ठेवले ते कोणी इतिहासकार नव्हते. ते व्यापार करणारे सामान्य खेळाडू होते. आज त्या भावांचा जो कोणी अभ्यास करील, त्याला त्यांच्याच वह्या उघडाव्या लागतील.